बिनहळदीचे ताट

सकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघरात कधी एकदम येत नसे. आधी तो गिरणीच्या पत्र्यावर उतरे, तिथे थोडा वेळ थबके, मग बोळातून वळसा घेऊन पूर्वेच्या उंच, जाळीच्या खिडकीशी पोहोचे. जाळीतून आत येताना त्याचे लहान लहान चौकोन होत. पहिला चौकोन मांडणीवरच्या पितळी तांब्यावर पडे आणि तांब्या आतून कुणी दिवा लावावा तसा दिसे. तिथून तो पिठाच्या डब्यावर, डब्यावरून ओट्याच्या काळ्या कडाप्प्यावर आणि शेवटी फरशीवर येई. आमच्या घरात हवेत हळदीची धूळ कायमच असे. गिरणी बंद असली तरी ती पुरती खाली बसत नसे. त्या धुळीने उजेडाला जाडी आल्यासारखी वाटे. हात पुढे केला तर तो बोटांना लागेल, पुसावा लागेल, असा. चौथा चौकोन फरशीच्या फुटक्या कोपऱ्याशी पोहोचला की पावणेआठ होत आणि मी गिरणी सुरू करायला उठे. त्या दिवशी चौकोन तिथे पोहोचला, कोपरा ओलांडून पुढेही गेला, तरी मी हातात गार झालेला चहा धरून बसून होतो. न्हाणीघरातून संयोगिताच्या ओकारीचा आवाज येत होता. मला तो ऐकायचा नव्हता. म्हणून मी उजेड पाहत होतो.

तिला तिसरा महिना लागला होता. फेब्रुवारी संपत आला होता, सांगलीच्या मार्केट यार्डात नवी हळद उतरू लागली होती, आणि आमच्या दारात हळकुंडांच्या पोत्यांची थप्पी रोज वाढत होती. माझी नखे, माझे बनियन, माझ्या उशीचा अभ्रा, सगळे पिवळे होते.

संयोगिता ओढणीने तोंड पुसत बाहेर आली. डोळे खोल गेले होते, पण त्यात एक निश्चय दिसत होता. ती सरळ ओट्यापाशी गेली. आई भाकरी थापत होती.

“आई, जरा सरका. मला मसाल्याचा डबा पाहिजे.”

“आता डबा कशाला? पोटात पानी ठरंना तुझ्या.”

“चोर शोधायचाय.”

डबा घेऊन ती फरशीवर मांडी घालून बसली, आणि एकेक वाटी उचलून नाकाशी नेऊ लागली. मोहरी. जिरे. “हे चालतंय.” हिंग. “हिंगसुद्धा चालतोय, बघा!” तिखटाची वाटी तर तिने आवडीने हुंगली. मग हळदीची वाटी उचलली, आणि ती अर्ध्यावर आली नसेल तोच खाली टाकून न्हाणीकडे धावली.

परत आली तेव्हा भिंतीला धरून उभी होती, पण हसत होती.

“सापडला. तीन आठवडे मी चहाला, लसणाला, बिचाऱ्या भाताला दोष देत होते.”

आई भाकरी तव्यावर टाकायची विसरली. “हळदीच्या घरात नांदायला आलीस आन् हळद नको? लग्नात टाचंपास्नं माथ्यापर्यंत माखली हुती, तवा न्हाई वास आला?”

“तेव्हा पोटात कुणी नव्हतं, आई.”

“माझ्या पोटात दोगं हुती. दोन्ही बारीला पाटीनं हळकुंडं वाहिली मी.”

“तुम्ही थोर. मी नाही तेवढी. आजपासून माझं वरण, माझी भाजी बिनहळदीची करू. तुम्ही नका त्रास घेऊ, मी करीन.”

आईचे हात परातीत थांबले. ती तशी तोंडाने फटकळ बाई. तिचा आवाज खाली गेला की मला भीती वाटे. तो आता खाली गेला.

“या घरात बिनहळदीचं शिजणार न्हाई.”

“का?”

“सुतकात शिजवत्यात तसलं. मेलेल्या मानसाच्या नावानं धा दिस खात्यात. पोटुशीच्या ताटात पांढरं वाढू व्हय मी?”

“उपवासाला बटाट्याची भाजी खाता की तुम्ही, पांढरीफेक!”

“उपासाचं येगळं.”

“बटाट्याला कळतं का, आज उपवास आहे का सुतक ते?”

मला हसू आले. आईने माझ्याकडे पाहिले आणि ते हसू तिथेच विरले. त्या नजरेत राग नव्हता. ज्याच्याबरोबर आपण एकच गोष्ट लपवली आहे, त्या माणसाने हसावे, याचे आश्चर्य होते.

बाहेरच्या खोलीत अक्काचा फोटो होता. माझी थोरली बहीण, शैलजा. फोटोत ती एकवीस वर्षांची आहे आणि कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला कुणाकडे तरी पाहून हसते आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात संयोगिताने विचारले होते, “कशानं गेल्या?” मी म्हणालो होतो, “कावीळ.” हळदीच्या घरात तो शब्द पटकन सुचला. आई तेव्हा दारात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. अक्का गेल्यावर आम्ही खेड्यातले घर विकून सांगलीत यार्डाजवळ राहायला आलो होतो, त्यामुळे या गल्लीत कुणाला काही ठाऊक नव्हते. एका शब्दावर सगळे निभावता येते, हे मला तेव्हा चांगले वाटले होते.

त्या दिवसापासून संयोगिताने स्वतःचे पातेले वेगळे केले. आईने स्वयंपाक केला की ती नाकाला ओढणी लावून आत शिरे, आणि मूठभर डाळ शिजवून, नुसते मीठ आणि तूप घालून, पांढरे वरण घेऊन अंगणात जाऊन बसे. आई तिच्याकडे पाठ करून बसे. मी दोघींच्या मधे, उंबऱ्यावर. तिसऱ्या दिवशी मीही पांढरे वरण वाढून घेतले. आईसमोर मी केलेले ते पहिले बंड असावे. मी तसा बंडखोर माणूस नव्हे. धैर्यशील हे नाव मला फार मोठ्या मापाचा सदरा शिवावा तसे ठेवले गेले आहे.

“शोभतोस,” संयोगिता हळूच म्हणाली. आईसमोर ती मला अहो म्हणे, एकटे असलो की तू.

“काय?”

“नावाला. आज थोडा शोभतोस.”

त्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी वजन पाहिले आणि चष्मा काढला. तीन किलो उतरले होते. “अजून एक किलो उतरलं तर सलाईन लावायला इथं ठेवून घेईन,” त्या म्हणाल्या. “जे पोटात टिकतं ते खाऊ दे. पांढरं, काळं, निळं, मला फरक पडत नाही.”

संयोगिताने वही काढली. तिने घरूनच प्रश्न लिहून आणले होते. कळा सुरू झाल्या हे कसं ओळखायचं? पाणी गेलं तर किती वेळात यायचं? टाके पडतातच का? अडलं तर तुम्ही किती वेळ वाट बघता? डॉक्टरीणबाई एकेकाचे उत्तर देत होत्या आणि ती लिहून घेत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधले धबधब्याचे चित्र पाहत होतो.

“प्रसूतीची खोली बघून घ्यायची का?” बाहेर आल्यावर सिस्टरांनी विचारले. “आता रिकामी आहे. आम्ही आधीच दाखवतो. भीती मोडते.”

संयोगिता लगेच निघाली. मी व्हरांड्यात थांबलो.

“तुम्हीही या की,” सिस्टर म्हणाल्या.

“नको. माझे हात हळदीचे आहेत.”

“हात बाहेर ठेवून या,” संयोगिता म्हणाली.

मी गेलो नाही. व्हरांड्याच्या खिडकीतून फरशीवर ऊन पडले होते. त्याच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. ती ऊन टाळून चालली होती. मी ती रांग शेवटपर्यंत पाहिली.

संयोगिता बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेचा वर्ग आधीच पाहून आलेल्या मुलीसारखा होता. “खाट आखूड आहे. दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत. ओरडलं तर कुणी रागवत नाही म्हणाल्या. मी ओरडणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. आणि तू दाराबाहेर नाही, आत उभा राहायचंस. इथं परवानगी देतात. मी विचारलं.”

स्कूटर सुरू करता करता मी म्हणालो, “पहिलं बाळंतपण माहेरी असतं.”

विजयनगरच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून उत्तर आले.

“माझं माहेर जतच्या पलीकडं आहे. आमच्या दवाखान्यात डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी येतात. हे बाळ वार बघून येणार आहे का?”

“रीत आहे. तुझ्या आईलाही वाटत असेल.”

“माझ्या आईला वाटतं, मी जिवंत राहावं. तिचा बाकी काही हट्ट नाही.” सिग्नल सुटल्यावर ती म्हणाली, “आणि एक गोष्ट. तुझ्या आईनं माहेरचं नाव एकदाही काढलं नाही. हळदीवरून इतकं बोलल्या, पण हे नाही. तूच काढतोस. का?”

“मला काय ठाऊक?”

“तुलाच ठाऊक.”

“नऊ महिने आहेत अजून.”

“सहा,” ती म्हणाली. “मोजायचं तेवढं तरी मोज.”

त्यानंतर चार दिवस आम्ही कामापुरते बोललो. मी दोनदा तिच्या आईला फोन लावला आणि माहेरच्या तयारीचे बोलून घेतले. संयोगिताने दोन्ही वेळा नंतर फोन लावून ते मोडून काढले. मी मनाशी म्हणे, मी रीत पाळतो आहे. मी तिच्या भल्याचे पाहतो आहे. ती इथल्या वासातून सुटेल. ही सगळी कारणे खरी होती, आणि त्यांपैकी एकही खरे कारण नव्हते.

पाचव्या सकाळी आई लापशी करत होती. गव्हाची, गूळ घातलेली, वेलदोड्याची. संयोगिताला गुळाचा वास अजून सोसत होता. मी माझ्या जागी, चौकोनांच्या समोर, बसलो होतो. आईने मागे वळून न्हाणीच्या दाराकडे पाहिले, मग कनवटीची एक पुडी काढली, चिमूट घेतली आणि लापशीत सोडली. गुळाच्या रंगात ती दिसेनाशी झाली. आईने दोन्ही हात जोडून पातेल्याला नमस्कार केला.

मी ते पाहिले. मला उठता आले असते, बोलता आले असते, निदान खोकता आले असते. पण माझ्याही मनात कुठेतरी खोल वाटले, की असू दे. शकुनापुरती चिमूट. पोटात हळद आहे म्हणजे घरात सुतक नाही.

संयोगिताने दुसरा चमचा तोंडात घातला आणि थांबली. तिने आईकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यानंतर दुपारपर्यंत तिच्या पोटात घोटभर पाणीही राहिले नाही. चारला ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या कलंडली. रिक्षात तिचे डोके माझ्या मांडीवर होते आणि आई समोरच्या फळीवर बसून सारखे एकच वाक्य म्हणत होती, “चिमूटच घातली हुती रं. चिमूटच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सलाईनची तिसरी बाटली निम्म्यावर आली होती. संयोगिताच्या गालांवर थोडा रंग दिसत होता. मी खाटेच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. दवाखान्यातल्या मावशी ट्रॉली ढकलत आल्या आणि त्यांनी संयोगितापुढे ताट ठेवले. मऊ भात, पातळ वरण, दोन्हीत नुसते मीठ. खिडकीतला उजेड नेमका त्या ताटात पडला होता, आणि त्यात पिवळ्याचा कणही नव्हता.

आई उठून उभी राहिली. “ह्ये उचला,” ती मावशींना म्हणाली. “ह्ये हितनं उचला.”

“राहू दे,” संयोगिता म्हणाली.

“संयोगिता, ऐक माझं...”

“आई, काल तुमचं ऐकलं. तुमच्या हातचं खाल्लं. आता बसा खाली आणि बघा.”

ती खाऊ लागली. एका हातात सुई होती म्हणून डाव्या हातात चमचा धरून, सावकाश, सांडत. एकेक घास ती गिळे आणि आईकडे बघे. त्या बघण्यात उद्धटपणा नव्हता. पण माघारही नव्हती. अर्धे ताट झाले. सगळे झाले. तिने चमच्याने ताटाचा तळ खरवडला, ताट आईसमोर धरले आणि म्हणाली, “संपलं. पांढरं होतं. आणि मी जिवंत आहे. बघा हात लावून.”

आईने खरोखरच हात लावला. तिच्या गालाला, कपाळाला, मग पोटाला. आणि मग ती खाटेच्या कडेवर बसली आणि रडू लागली. गेली दहा-अकरा वर्षे मी तिला रडताना पाहिले नव्हते.

“धा दिस,” ती म्हणाली. “धा दिस त्या घरात पांढरं शिजलं. कुनाच्या घशाखाली उतरत नव्हतं. तवापास्नं पांढरं ताट बघितलं की मला तीच दिसती, पोरी. तुला खुळी वाटत आसंन मी.”

“कोण, आई? कोण दिसती?”

“माझी शैला.”

संयोगिताने तिचा हात धरला. “कावीळ कुणाच्या हातात असते का?”

आईने पदरातून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. त्या वर्षी तांदूळ निवडताना पाहिले होते तसेच. मला वाटले, आता ती बोलेल. पण ते माझ्यावर सोडून तिने डोळे मिटून घेतले.

सिस्टर कार्ड घेऊन आल्या. “घरी सोडायच्या आधी एवढं पूर्ण करू. रक्तगट आहे, तारीख आहे... प्रसूती कुठं करणार? माहेरी ना?”

“हो,” मी म्हणालो.

सिस्टरांनी लिहिले.

“नाही,” संयोगिता म्हणाली. “इथं. खोडा ते.”

सिस्टरांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. “आधी दोघं मिळून ठरवा बाई.”

“बाळंत मी होणार आहे. आत्ता या हातात सुई आहे, नाहीतर मीच खोडलं असतं.” मग ती माझ्याकडे वळली. आईसमोर, सिस्टरांसमोर, पहिल्यांदाच ती मला तू म्हणाली. “तू मला का घालवतोयस? हे एकदा नीट सांग. पटलं तर मी जाईन. शपथ. पण खोटं सांगितलंस तर मला कळतं. कालही कळलं होतं.”

ते कार्ड अजून आमच्या कपाटात आहे, मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाखाली. त्यावर त्या एका रकान्यात खाडाखोड आहे, आणि खाडाखोडीच्या वर सिस्टरांच्या तिरप्या अक्षरात नवे उत्तर आहे.

पण त्या क्षणी सिस्टरांचे पेन हवेत होते. मी खिडकीकडे पाहिले. तिथे नेहमीसारखा उजेड होता. गजांच्या सावल्यांनी कापलेला, फरशीवर हळूहळू सरकणारा. उजेड पाहत राहण्याची सवय मला कधी लागली, हे मला तेव्हा आठवले. मी सतरा वर्षांचा होतो. गावातल्या घराची मधली खोली बंद होती. आत अक्का होती, आई होती, सुईणबाई होती. मला कुणी आत येऊ देत नव्हते आणि कुणी बाहेर पाठवत नव्हते. सकाळ होती. मी दाराकडे पाठ करून अंगणात पसरलेल्या हळदीवरचे ऊन पाहत होतो. तुळशीपासून ते गोठ्याच्या खांबापर्यंत गेले, तेवढा वेळ अक्काचा आवाज येत होता. मग ऊन खांबावर चढले, आणि आवाज आला नाही.

“धैर्यशील,” संयोगिता म्हणाली. “इकडं बघ.”

मी खिडकीवरची नजर काढली आणि तिच्याकडे पाहिले. ती वाट पाहत होती. मला पहिल्यांदाच असे वाटले, की माझ्यासमोर बसलेली ही मुलगी घाबरलेली आहे, माझ्याइतकीच, आणि तरीही ती दार उघडून आत पाहून आली आहे.

“अक्का आमच्याकडं आली होती,” मी म्हणालो. “रीत म्हणून. पहिल्या बाळंतपणाला, माहेरी. त्या गावातही डॉक्टर ठरल्या वारीच यायचे. तो त्यांचा वार नव्हता.”

मला वाटले, एवढे पुरे. बाकीचे तिला कळले असेल. पण ती अजून माझ्याकडेच पाहत होती.

“ती काविळीनं गेली नाही. बाळंतपणात गेली. दाराबाहेर बसून मी तिचा आवाज थांबेपर्यंत ऐकला; तुझा ऐकायला लागू नये म्हणून तुला घालवत होतो.”